इलेक्ट्रिशियनला घरी बोलावताना: फोन करण्याआधीपासून पैसे देईपर्यंत

‘दोन मिनिटांचं काम, तीनशे रुपये घेतले.’ ‘येतो म्हणाला, नंतर फिरकलाच नाही.’ ‘बोर्ड बदलून गेला, आठवड्याने पुन्हा तेच.’ सोसायटीच्या कमिटीत असलेल्या माणसाला ही वाक्यं पाठ असतात. आमची इमारत पुण्यातली, ऐंशीच्या दशकात बांधलेली. कोणाच्या ना कोणाच्या घरी लाइटचं काहीतरी निघतंच, आणि काम बिनसलं की गाऱ्हाणं कमिटीकडे येतं. दुसरी बाजूही कानावर पडते. आमच्याकडे वर्षानुवर्षं येणारे वायरमनकाका जिन्यात भेटले की म्हणतात, ‘साहेब, फॉल्ट शोधायला तास जातो, त्याचे पैसे द्यायला कोणी तयार नसतं. पंख्याचा कॅपेसिटर बदलला की लगेच देतात.’

निम्मी भांडणं इथेच आहेत. डॉक्टरांनी औषध न देता नुसतं तपासलं तरी आपण फी देतो. वायरमनने मात्र ‘काही बदलायला नको, स्क्रू ढिला होता’ म्हटलं की पैसे द्यायला हात मागे येतो. मग तोही शहाणा होतो आणि काही ना काही बदलून दाखवतो. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्यांमागे माझा एकच आग्रह आहे: आधी दोष शोधायला लावा, त्या शोधण्याचे पैसे मोकळ्या मनाने द्या, वस्तू बदलायचं नंतर बघू.

फोन करण्याआधी घरात एक फेरी

लाइट गेली की आधी दार उघडून जिन्यात बघा. शेजारी, जिन्यात, समोरच्या इमारतीत अंधार असेल तर वायरमनचं काम नाही. फक्त आपल्याकडेच गेली असेल तर डीबी उघडा, म्हणजे एमसीबीची, आपोआप पडणाऱ्या खटक्यांची, ती पेटी. कुठला खटका खाली पडलाय ते बघा. हात कोरडे, पायात चप्पल, आणि खटका एकदाच वर करायचा. लगेच पुन्हा पडला तर जोर लावून धरून ठेवायचा नाही. त्याला पडायचंय म्हणजे पुढे काहीतरी बिघडलंय.

आता त्या लाइनवरचे सगळे प्लग काढा. मिक्सर, टीव्ही, इस्त्री, मोबाइलचा चार्जर, सगळं. स्विच बंद करणं पुरेसं नाही, प्लग बाहेरच काढायचा. मग खटका वर करा. राहिला, तर एकेक वस्तू लावत जा. जी लावल्यावर पडेल ती दोषी, आणि मग कदाचित वायरमनऐवजी मिक्सर दुरुस्त करणाऱ्याकडे जायचंय. सगळे प्लग काढूनही खटका पडत असेल तर दोष वायरिंगमध्ये किंवा बोर्डात आहे. हे एवढं फोनवर सांगता आलं तर समोरच्याचं निम्मं काम झालेलं असतं.

बिल अचानक वाढलं म्हणून वायरमन बोलावणारेही बरेच. त्यांनी आधी मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा बघावा. वीज वापरली जाते तसा तो लुकलुकतो. घरातली सगळी उपकरणं बंद करून प्लग काढा आणि मेन चालू ठेवा. दिवा तरीही लुकलुकत राहिला तर आता आपला मेन स्विच बंद करा. थांबला, तर गळती आपल्या वायरिंगमध्ये आहे. मेन बंद करूनही चालूच असेल तर मीटरपासून आपल्या मेनपर्यंतच्या केबलमध्ये काहीतरी आहे, किंवा आपल्या मीटरवर दुसऱ्याचं कनेक्शन जोडलं गेलंय. जुन्या इमारतींत, जिथे मीटर रूममध्ये वायरींचं जंगल असतं, तिथे हे होतं. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करून बघायचं, नाहीतर बॅटरी चार्ज होत असते आणि आपण भिंतीत गळती शोधत बसतो.

काही वेळा मात्र ही फेरीही मारायची नाही, थेट मेन बंद करायचा. बोर्डातून पाणी झिरपतंय, चर्रचर्र आवाज येतोय, स्विच हाताला गरम लागतोय. आणखी एक खूण लोक ओळखत नाहीत: घरात मासळी शिजवलेली नसताना मासळीचा वास येणं. प्लग, होल्डर, स्विच यांचं प्लॅस्टिक तापायला लागलं की असा वास सुटतो. आमच्याकडे एका शाकाहारी घरात आठवडाभर फ्रिज आणि गटार यांच्यावर संशय घेतला गेला. शेवटी गीझरचा सॉकेट उघडला तेव्हा एका भोकाभोवती करपल्यासारखा तपकिरी डाग होता आणि आतली वायर स्क्रूत नुसती टेकलेली होती.

दुसरी खूण याहून घाईची आहे. काही दिवे एकदम प्रखर, काही मंद, पंखा कधी नव्हे तो सुसाट, असं झालं तर न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी वायर, सुटलेला असण्याची शक्यता आहे. इमारतीला थ्री-फेज पुरवठा असतो. न्यूट्रल तुटला की एखाद्या घरात २३० ऐवजी तीनशेच्या वर, अगदी ४०० व्होल्टच्या आसपासही दाब जाऊ शकतो. टीव्ही, फ्रिज, राउटर एका फटक्यात जातात. मेन बंद, शेजाऱ्यांनाही ओरडून सांगा, मग फोन.

पण फोन कोणाला?

मीटर आणि मीटरच्या आधी जे काही आहे, खांब, सर्व्हिस वायर, रस्त्यावरची डीपी, ते वीज कंपनीचं. मीटरच्या पुढचं आपलं. राज्यात बहुतेक ठिकाणी कंपनी म्हणजे महावितरण, तक्रारीसाठी १९१२. मुंबई शहरात मुख्यतः बेस्ट, उपनगरांत अदाणी किंवा टाटा पॉवर. बिलावर कंपनीचं नाव आणि ग्राहक क्रमांक असतो. बिलाचा एक फोटो मोबाइलमध्ये ठेवला की अंधारात कागद शोधावा लागत नाही.

मीटरचं सील तोडू देऊ नका. ‘दोन मिनिटांत उघडून स्क्रू आवळतो’ असं कितीही विश्वासाने कोणी म्हणालं तरी नाही. मीटरशी छेडछाड हा विद्युत कायदा २००३ च्या कलम १३५ खाली वीजचोरीचा मामला होऊ शकतो, आणि नोटीस वायरमनला येत नाही, ज्याच्या नावावर मीटर आहे त्याला येते. मीटरच्या टर्मिनलवर जळल्याच्या खुणा दिसल्या तर फोटो काढा आणि कंपनीकडे तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक घ्या.

इमारतींत एक नो मॅन्स लँड असते: तळमजल्याच्या मीटर रूमपासून चौथ्या मजल्यावरच्या आपल्या दारापर्यंत जाणारी केबल. कंपनी म्हणते आमची नाही, कमिटी म्हणते तुमच्या एकट्याची आहे. केबल जळल्यावर रात्री अकरा वाजता हा वाद घालण्यापेक्षा आपल्या सोसायटीत काय ठरलंय ते आधीच विचारून ठेवावं.

एसी, इंडक्शन, मोठा गीझर असं नवीन काही घेणार असाल तर बिलावरचा मंजूर भार, म्हणजे किती वीज ओढायची परवानगी आहे ते, बघा. तो वाढवायचा असेल तर अर्ज कंपनीकडे करावा लागतो. वायरमन फक्त आतली लाइन टाकून देईल.

माणूस कुठून आणायचा

ॲपवरून येणारा माणूस वेळेवर येतो, दर आधी दिसतो, पावती मिळते. पंखा टांगणं, दिवा लावणं, सॉकेट बदलणं यासाठी उत्तम. पण दर वेळी नवा माणूस येतो आणि त्याला पुढच्या घरी जायची वेळ गाठायची असते. मधूनच जाणारी लाइट, पावसाळ्यातच पडणारा खटका असल्या लपाछपीच्या दोषांना जुना, जवळचा, इमारत माहीत असलेला माणूस लागतो. आमच्या काकांना कुठल्या विंगमध्ये कुठल्या भिंतीत ॲल्युमिनियमची वायर अजून शिल्लक आहे हे तोंडपाठ आहे. हे कुठल्याच ॲपमध्ये नसतं.

असा माणूस शोधायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे जवळचं इलेक्ट्रिकचं दुकान. फक्त तिथे ‘कोणी वायरमन आहे का’ असं विचारू नका. दुकानदार समोर उभा असेल त्याला पाठवेल. ‘तुमच्या स्वतःच्या घरी काम कोण करतं?’ असं विचारा. शेजाऱ्यांना विचारतानाही ‘चांगला आहे का’ यापेक्षा ‘काम बिघडलं तेव्हा परत आला का’ हे विचारणं कामाचं.

कागदपत्रांचं म्हणाल तर, आयटीआयमध्ये वीजतंत्री आणि तारतंत्री असे दोन वेगळे दोन-दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. राज्य शासनाच्या यंत्रणेकडून तारतंत्री परवाना, पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र आणि विद्युत ठेकेदाराचं लायसन्स दिलं जातं. होल्डर बदलायला आलेल्या माणसाकडे परवाना मागितलात तर तो हसेल. पण सगळ्या घराचं वायरिंग बदलणं, नवी डीबी, अर्थिंग, वाढीव भार यासाठी लायसन्स असलेला ठेकेदारच घ्या. नियम तसा आहेच, शिवाय कंपनीकडे द्यायच्या टेस्ट रिपोर्टवर त्याचीच सही लागते. वायरिंग होऊन भिंती रंगल्यावर सही करणारा शोधत फिरणं महागात पडतं.

फोनवर काय बोलायचं

‘दादा, जरा येऊन जा ना, लाइटचं काम आहे’ एवढ्यावर कोणी येत नाही, आणि आला तरी हातात फक्त टेस्टर आणि पक्कड असते. काय होतंय, कधी होतंय, आधी काय झालं होतं, या क्रमाने सांगा. उदाहरणार्थ:

‘काका, बी विंगमधून बोलतोय. बाथरूमच्या गीझरचा एमसीबी पडतोय. गीझर लावल्यावर पाच-दहा मिनिटांनी पडतो, लगेच नाही. गीझर काढून इस्त्री लावली तर पडत नाही. मागच्या महिन्यात वरच्या मजल्यावरून भिंतीत पाणी आलं होतं. डीबी दाराच्या वर आहे, शिडी लागेल. इन्व्हर्टर आहे. कधी जमेल?’

एवढ्यावर अनुभवी माणूस मनात दोन-तीन कारणं मांडतो आणि तशी हत्यारं, सामान घेऊन निघतो. ‘गीझरचा एमसीबी बदलायचाय’ असं मात्र सांगू नका. तुम्ही निदान सांगितलंत की तो तेवढंच करेल, आणि दोष जागच्या जागी राहिला तर ‘तुम्हीच सांगितलं होतं’ म्हणायला मोकळा. बोर्डाचा, डीबीचा, जळक्या खुणेचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा.

वेळेबद्दल थोडं समजून घ्यावं लागतं. गणपतीच्या आधीचा आठवडा, दिवाळीच्या माळा लावायचे दिवस, पहिला जोरदार पाऊस आणि मे महिन्यातली एसीची घाई, यात कोणीही वेळ पाळत नाही. घाईचं नसेल तर काम पुढे ढकला. घाईचं असेल तर तसं सांगा आणि जास्तीचे पैसे द्यायची तयारी ठेवा. आणि दिवसाउजेडी बोलवा, कारण फॉल्ट शोधायला मेन बंद करावा लागतो आणि टॉर्चच्या उजेडात घाईने केलेले जोड ढिले राहतात.

पैशांचं बोलणं

हे फोनवरच करायचं, माणूस शिडीवर चढल्यावर नाही. पहिला प्रश्न: नुसतं येऊन बघण्याचे किती? दुसरा: पुढे काम केलं तर ते त्यात धरणार की वेगळे? तिसरा: सामान तुमचं की माझं? दर गावागणिक, पेठेगणिक बदलतात, म्हणून आकडे देत बसत नाही. दोन-तीन शेजाऱ्यांना विचारलं की आपल्या भागाचा अंदाज येतो.

दोष शोधायचं काम असेल तर मी सरळ म्हणतो, ‘तुम्ही बघा, कारण सांगा, बदलायचं काही निघालं नाही तरी तुमचे तपासणीचे अमुक देईन.’ या वाक्याने माणसाचा सूर बदलतो. आता त्याला वस्तू खपवायची गरज उरत नाही. पंखा हळू फिरतोय म्हणून ‘मोटर गेली, नवीनच घ्या’ ऐकायची तयारी ठेवलेल्या एका आजींकडे काकांनी फक्त अडीच मायक्रोफॅरडचा कॅपेसिटर बदलला आणि पंखा पूर्वीसारखा फिरला. तो कॅपेसिटर नव्या पंख्याच्या किमतीपुढे चिल्लर असतो. आजींना वाटलं होतं की एवढ्याशा डबीचे इतके पैसे कसे. मी म्हटलं, डबीचे नाहीत, नवीन पंखा वाचवल्याचे आहेत. त्यांना ते पटलं असं मी म्हणणार नाही, पण दिले.

मोठ्या कामात दर ‘पॉइंट’वर ठरतो आणि तिथेच सगळ्यात जास्त वाद होतात. पॉइंट म्हणजे नेमकं काय धरणार हे लिहून घ्या. एका बोर्डावर पाच स्विच आणि एक सॉकेट असेल तर तो सॉकेट वेगळा पॉइंट का? जिन्यातला टू-वे स्विच एक की दोन? १६ अँपियरचा पॉवर पॉइंट, एसीची लाइन, टीव्ही आणि इंटरनेटची केबल, डीबी भरणं यांचे दर वेगळे असतात. भिंतीला कटर मारून झिरी कोण पाडणार, ती बुजवून गिलावा कोण करणार, राडारोडा खाली कोण नेणार? ‘ते गवंडी करेल’ हे उत्तर शेवटच्या दिवशी ऐकलेले बरेच जण मला माहीत आहेत. एका कागदावर हे सगळं, दोघांच्या सह्या, फोटो. पैसे टप्प्याटप्प्याने द्या: सामान आल्यावर थोडे, पाइप आणि वायरी ओढून झाल्यावर काही, बोर्ड बसल्यावर काही, आणि शेवटचा हप्ता सगळं तपासून झाल्यावर. सगळी रक्कम आधी देऊ नका, आणि काम नीट झाल्यावर शेवटच्या हप्त्यासाठी त्याला खेटेही घालायला लावू नका.

सामान

दुकानात आपण स्वतः जावं, यादी त्याच्याकडून लिहून घ्यावी. दुकानदाराकडून वायरमनला काही टक्के मिळतात, हे उघड गुपित आहे. मला त्यात फार गैर वाटत नाही, पण हलकं सामान माथी मारलं जाऊ नये एवढं बघायचं. वायर, स्विच, सॉकेटवर आयएसआयची खूण हवी. वायरीवर कंपनीचं नाव, जाडी आणि आयएस ६९४ हे छापलेलं असतं. वायर शक्यतो बंद बंडलातली घ्या, पक्कं बिल घ्या, आणि काम संपल्यावर उरलेली वायर घरी ठेवून घ्या. ती आपल्या पैशाची असते आणि तुकडा कधी ना कधी लागतोच.

जाडीचा हिशोब थोडा माहीत असावा. दिवे-पंख्यांना साधारण १ ते १.५ चौरस मिलिमीटर, १६ अँपियरच्या सॉकेटला २.५, एसी आणि गीझरला अंतर आणि भार बघून २.५ किंवा ४. दोन हजार वॅटचा गीझर २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपियर ओढतो, तीन हजार वॅटचा १३. म्हणून ६ अँपियरच्या सॉकेटमध्ये अडॅप्टर घालून गीझर किंवा हीटर चालवला की तो करपणारच. फेजला, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरीला, लाल, पिवळा किंवा निळा, न्यूट्रलला काळा आणि अर्थला हिरवा, एवढा रंगांचा नियम वायरमनला पाळायला लावा. ‘काळी संपली, लाल वापरतो’ म्हणणाऱ्याला दुकानात पाठवा. दहा वर्षांनी तो बोर्ड उघडणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या तरी हाताचा प्रश्न आहे.

काम चालू असताना

मानगुटीवर बसू नका, पण घरात असा. पहिलं बघायचं ते मेन खरंच बंद केलाय का. इन्व्हर्टर असेल तर तोही. मेन बंद असताना इन्व्हर्टरच्या लाइनमध्ये पूर्ण २३० व्होल्ट असतात, आणि नव्या माणसाला कुठले बोर्ड इन्व्हर्टरवर आहेत ते माहीत नसतं. घरातल्या बाकीच्यांना सांगा की खटक्यांना हात लावायचा नाही. ‘लाइट का गेली’ म्हणत कोणी मेन वर केला तर शिडीवरच्या माणसाच्या जिवावर बेततं.

टेस्टर लावून ‘आहे’, ‘नाही’ म्हणणं म्हणजे तपासणी नव्हे. एखाद्या सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो तेव्हा अर्धवट माणूस गोंधळतो. जाणकार लगेच म्हणतो की न्यूट्रल तुटलाय आणि चालू असलेल्या उपकरणातून फेज उलटा येतोय. मल्टिमीटर, क्लॅम्प मीटर, आणि वायरिंगचं मोठं काम असेल तर इन्सुलेशन तपासायचा मेगर, हे ज्याच्या पिशवीत आहे त्याला दोन पैसे जास्त द्यावेत.

आणि मग तो प्रश्न, जो प्रत्येक वेळी विचारायचा: ‘कशामुळे झालं?’ उत्तर ‘जुनं झालं’ असं असेल तर आणखी एकदा विचारा.

हा प्रश्न न विचारल्याने काय होतं ते ऐका. एका घरात एसीचा एमसीबी उन्हाळ्यात पडायचा. आलेल्या माणसाने २० अँपियरचा काढून ३२ चा बसवला. खटका पडायचा बंद झाला, घरचे खूश, दोनशे रुपये जास्त दिले. पण एमसीबी वायरीच्या रक्षणासाठी असतो. भिंतीतली वायर होती तीच, अडीचची, आता ती तापली तरी खटका ढिम्म हलणार नव्हता. पुढच्या उन्हाळ्यात सॉकेट वितळला. मूळ दोष सॉकेटमागच्या ढिल्या जोडात होता. ढिला जोड तापतो, आणि तशीच उष्णता एमसीबीच्या स्वतःच्या ढिल्या स्क्रूपाशी झाली की तो वेळेआधी पडतो. दोन स्क्रू आवळणं आणि जळकं टोक कापून नवं करणं एवढंच काम होतं. खटका पडतो म्हणून मोठा खटका बसवू म्हणणारा माणूस दिसला की त्याला तिथेच थांबवा.

अशीच गोष्ट आरसीसीबीची. एमसीबी वायर वाचवतो, माणसाला शॉकपासून वाचवतो तो आरसीसीबी. घरासाठी ३० मिलिअँपियरचा घ्यायचा. जुन्या घरात तो नव्याने बसवला की सारखा पडतो आणि मग ‘हा पीसच खराब आहे’ म्हणून बायपास केला जातो. बहुतेक वेळा पीस चांगला असतो. कुठे तरी दोन लाइनींचे न्यूट्रल एकत्र केलेले असतात, इन्व्हर्टरचा न्यूट्रल चुकीच्या जागी जोडलेला असतो, नाहीतर गीझरच्या कॉइलमधून खरोखरच गळती असते. हे शोधायला वेळ लागतो. त्या वेळेचे पैसे द्या. बायपास करू देऊ नका.

गावाकडच्या घरांसाठी एक वेगळी सूचना. न्यूट्रल कमजोर आहे म्हणून अर्थची तार न्यूट्रल म्हणून वापरून दिवे लावून देणारे लोक अजून आहेत. दिवे छान लागतात. पण मग अर्थला जोडलेल्या गीझरच्या, मोटरच्या, कूलरच्या पत्र्यावर करंट यायची वाट मोकळी होते, आणि उन्हाळ्यात जमीन सुकली की धोका आणखी वाढतो. ‘जुगाड करून देतो’ हा शब्द अर्थिंगच्या बाबतीत ऐकूनच घ्यायचा नाही.

पैसे देण्याआधी

दुरुस्त केलेलं उपकरण पूर्ण भारावर चालवून बघा. गीझरचं काम असेल तर पाणी तापून तो आपोआप बंद होईपर्यंत थांबा, चहा करा. मग प्लग काढून पिना आणि सॉकेट हाताला कितपत गरम लागतात ते बघा. कोमट चालेल, चटका नको.

सॉकेटचं काम झालं असेल तर मल्टिमीटर लावून दाखवायला सांगा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही तेवढंच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-चार व्होल्टच्या आत. तिसरा आकडा मोठा आला किंवा दुसरा आलाच नाही, तर अर्थिंग नीट नाही. मोठ्या भोकात वायर घातलेली दिसते म्हणजे अर्थिंग आहे असं नाही. बऱ्याच जुन्या इमारतींत ती हिरवी वायर बोर्डापर्यंत येते आणि पुढे कुठेच जात नाही. एलईडी दिवा स्विच बंद करूनही मंद तेवत राहत असेल तर स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर आहे का ते तपासून घ्या. तसं असेल तर दिवा बदलताना बंद स्विचवरही होल्डरमध्ये करंट असतो.

नव्या वायरिंगमध्ये गिलावा होण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून. पुढे कधी कपाट टांगायला ड्रिल मारताना हेच फोटो उपयोगी पडतात. डीबीतल्या प्रत्येक खटक्याखाली कुठली लाइन आहे ते त्याच्याकडूनच मराठीत लिहून घ्या: हॉल, स्वयंपाकघर, गीझर, एसी. काढलेला जुना भाग परत मागा, निदान बघा. जळलेला होता का ते कळतं. काय काम केलं, काय सामान लागलं, किती घेतले आणि पुन्हा तोच दोष आला तर किती दिवस फुकट येणार, हे व्हॉट्सॲपवर दोन ओळींत लिहून त्याला पाठवा आणि ‘ठीक आहे’ असं उत्तर घ्या. पैसे शक्यतो यूपीआयने द्या, नोंद राहते.

काम बिघडलं तर

पहिला फोन चिडून करू नका. ‘तुम्ही फसवलं’ म्हटलं की तो फोन उचलायचा बंद होतो. ‘काका, परवा केलेलं काम, आज पुन्हा तसंच झालं, एकदा बघून जाता का?’ एवढं म्हटलं की बहुतेक जण येतात, कारण याच गल्लीत त्यांचं पोट आहे. येईपर्यंत दुसऱ्या कोणाला त्या बोर्डाला हात लावू देऊ नका. दोघांनी हात घातला की जबाबदारी कोणाचीच राहत नाही.

ॲपवरून किंवा ठेकेदाराकडून मोठं काम घेतलं असेल आणि दाद मिळत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, आणि मोबदला पाच लाखांपर्यंतचा असेल तर तिथे शुल्क लागत नाही. त्यासाठी तो सह्यांचा कागद, पक्की बिलं आणि व्हॉट्सॲपवरचं ‘ठीक आहे’ लागतं. तीनशे रुपयांच्या कामासाठी कोणी आयोगात जात नाही, जाऊही नये. तिथे दुसरा वायरमन शोधणं सोपं.

बिघाड नसतानाही एकदा

मेच्या अखेरीस, पावसाच्या आधी, एक फेरी मारून घेतलेली बरी. डीबीतले सगळे स्क्रू आवळणं, गच्चीकडच्या आणि बाथरूमच्या भिंतीतले बोर्ड उघडून ओल बघणं, बाहेरच्या दिव्यांचे जोड तपासणं. ॲल्युमिनियमची वायर असलेल्या घरांनी तर हे चुकवूच नये, कारण तांबं आणि ॲल्युमिनियमचे जोड ढिले होत जातात आणि गंजतात. आमच्या विंगमधली काही घरं मिळून काकांना एकाच दिवशी बोलावतात. त्यांची एकच खेप होते, आपल्यालाही दर कमी पडतो.

आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण असतं, ते मात्र वायरमनशिवाय, महिन्यातून एकदा आपणच दाबायचं. लाइट चालू असताना दाबलं की खटका खाली पडला पाहिजे. पडला तर वर करा आणि कामाला लागा. नाही पडला तर काकांना फोन करा, आणि या वेळी खुशाल सांगा की आरसीसीबी बदलायचाय.